झोपाळ्यावरच्या पोरी

"त्या दोघी आज पण आल्यात बघ," आजी म्हणाली. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून वाईला पोचायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत आजीच्या हातचं खाऊन परत फिरायचं, हा आमचा त्या काळातला ठरलेला कार्यक्रम. मला वाटलं शेजारच्या कुणी आल्या असतील. "कोण गं?" म्हणून मान वर केली तर ओसरीवर कोणीच नाही. दिवेलागणीची वेळ. झोपाळा रिकामा.

"हिरव्या परकरातल्या. बोलत नाहीत काही. नुसत्या बसून असतात."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की "आज दूधवाला उशिरा आला" म्हणतात ना, तसं. घाबरलेली नाही, रडत नाही, काही नाही. मीच घाबरलो. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की हे जवळजवळ महिनाभर चालू होतं. आधी कधी भिंतीवरच्या खुंटीचं मांजर व्हायचं, मग नीट बघितलं की परत खुंटी. आणि मग या पोरी यायला लागल्या. महिनाभर गप्प का बसलीस, विचारलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर येरवड्याला पाठवलं असतंत."

पुढचे दोन दिवस घरात जे काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. काकूनं नारळ उतरवून टाकला. बाबांनी फोनवर एकच शब्द उच्चारला, "डिमेन्शिया", आणि नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आजी ८१ वर्षांची होती, पण भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करत होती आणि माझ्या पगारातला पीएफ किती कापतात तेही तिला पाठ होतं. मला ते पटेना.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. काल चालणारा प्रोग्रॅम आज बोंबलला तर पहिला प्रश्न एकच, मधल्या काळात बदललं काय? तर बदललं होतं एवढंच, की आजीचं बीपी वाढलेलं निघालं होतं आणि शिवाय तिचे हात थरथरायचे, चहाची बशी तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धी सांडायची. दोन्हीवर एकच गोळी म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल सुरू केलं होतं. सहा आठवडे झाले होते. बीपी छान उतरलं होतं, हातही थांबले होते. सगळे खूश. मी औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद काढला (तो कधी कोणी वाचतं का? मी तरी आयुष्यात पहिल्यांदाच वाचला) आणि मुंगीएवढ्या अक्षरांत दुष्परिणामांच्या यादीत थकवा, थंड पडणारे हातपाय, विचित्र स्वप्नं असं सगळं ओलांडत गेल्यावर तो शब्द सापडला, हॅल्युसिनेशन्स. म्हणजे नसलेलं दिसणं.

डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली होती. मधल्या वेळात मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून वाचत बसलो, आणि ते वाचन पुढे कित्येक वीकएंड चालू राहिलं. रक्तदाबाची गोळी डोक्यात कशी काय घुसते, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधताना लक्षात आलं की या औषधांचा आणि डोक्याचा संबंध अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पण आधी हे कळायला हवं की गोळ्या नव्हत्या तेव्हा काय होतं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणा ना. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञानं त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब होता १८६/१०८. उपाय काय, तर मीठ कमी, सिगरेटी कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि झोपेसाठी फेनोबार्बिटाल. बस. खुद्द रक्तदाबावर द्यायला कामाचं औषधच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला डोक्यात मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणून ते कोसळले, ब्रुएननी मोजलेला रक्तदाब ३०० च्या वर, खालचा १९०. मेंदूत रक्तस्राव. महायुद्ध संपायला जेमतेम महिने उरले होते. त्या काळात आणखी दोन उपाय होते. एक, पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापून टाकायच्या. दुसरा, ड्यूक विद्यापीठातल्या वॉल्टर केम्पनरचा आहार, नुसता भात, फळं आणि साखर. (आमच्या कोकणातल्या मामाला हा दुसरा उपाय सांगितला तर तो म्हणेल, मासे का बंद केले?)

आणि याच काळात, तेही रूझवेल्टच्या आजाराच्या तेरा वर्षं आधी, कलकत्त्यात एक लेख छापून आलेला होता. १९३१ साली. लेखक गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस. विषय सर्पगंधा, आणि लेखाच्या मथळ्यातच दोन आजार शेजारी शेजारी ठेवलेले, वेडेपणा आणि उच्च रक्तदाब. या मुळीची पूड बिहारकडे 'पागल की दवा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विकली जायची. भडकलेला माणूस ती घेतली की शांत होऊन झोपायचा. सेन आणि बोस यांना दिसलं की त्याबरोबर रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान आणि रफत हुसेन या सिद्दीकींनी मुळीतली रसायनं वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमालिन' असं नाव दिलं. पण बाहेरच्या जगानं ढुंकून पाहिलं नाही. हिंदुस्थानातली कुठलीशी मुळी, कोण वाचतो!

ते वाचायला लावलं ते एका मुंबईकरानं. डॉ. रुस्तम जाल वकील. पारशी, लंडनमध्ये शिकून आलेले, केईएम हॉस्पिटलमधले हृदयतज्ज्ञ. त्यांनी वर्षानुवर्षं ही मुळी रोग्यांना देऊन बघितली, आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रोग्यांचा नीट मोजमापांसह अहवाल छापला. परळला लोकल मधून उतरून केईएमच्या गेटावरून मी किती वेळा गेलो असेन, पण रक्तदाबाच्या आधुनिक औषधांचा जगाचा इतिहास या गेटातून गेलाय हे मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं असंही नाही म्हणा. पण या लेखानंतर चक्रं भराभर फिरली. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरून पाहिली. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ साली मुळीतला मुख्य घटक शुद्ध स्वरूपात मिळवला आणि त्याला नाव पडलं रेसरपिन. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गंमत बघा, त्याच वर्षी लास्कर मिळालेल्यांत नेथन क्लाइन हे नाव पण आहे. हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंडच्या मनोरुग्णालयात हेच रेसरपिन भ्रम होणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या रोग्यांना दिलं होतं. म्हणजे तीच गोळी, एका वॉर्डात हृदयतज्ज्ञ बीपीसाठी देतायत आणि दुसऱ्या वॉर्डात मानसोपचारवाले डोक्यासाठी. बिहारातल्या पुडी विकणाऱ्याला यात काहीच नवल वाटलं नसतं.

मग उलट बाजू दिसायला लागली. १९५४ साली एडवर्ड फ्राइस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की बीपीसाठी दीर्घकाळ मोठ्या डोसमध्ये रेसरपिन घेणारे काही रोगी खोल उदास होतायत. भयानक स्वप्नं पडल्याच्या तक्रारी होत्या. (डोस तेव्हा आजच्या मानानं भरमसाट असायचे, हेही लक्षात घ्यायला हवं. नंतरच्या लोकांनी या उदासीच्या संबंधावर बरीच शंका घेतली आहे.) पण या दुष्परिणामाच्या मागे लागलेल्या लोकांनी जे शोधून काढलं ते थक्क करणारं आहे. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसलं की रेसरपिन दिल्यावर शरीरातला सिरोटोनिनचा साठा रिकामा होतो. ब्रोडींकडे काही महिने काम करून गेलेला अर्विद कार्लसन नावाचा स्वीडिश माणूस घरी परतला आणि त्यानं सशांना रेसरपिन दिलं. ससे दगडासारखे निपचित. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि ससे उठून बसले! १९५७ ची गोष्ट. त्यातून मेंदूतलं डोपामिन कळलं, पार्किन्सनवरचा इलाज निघाला, आणि कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. मनाचे चढउतार रसायनांच्या भाषेत वाचता येतात ही जी आज आपल्याला इतकी साधी वाटणारी कल्पना आहे, तिचा एक पाय बीपीच्या गोळीत रुतलेला आहे.

आणि फ्राइसनी रेसरपिन टाकून दिलं का? नाही. १९६७ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली ती प्रसिद्ध चाचणी छापून आली, त्यातल्या तीन औषधांत एक रेसरपिनच होतं. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसती खोटी गोळी. खोटी गोळीवाल्यांत गंभीर घटना २७, औषधवाल्यांत २. चाचणी मधेच थांबवावी लागली. मी हा आकडा वाचला तेव्हा आजीच्या खोक्याकडे बघून जरा वेळ गप्प बसलो. कारण तोवर माझ्या मनात 'ही विषारी गोळी उद्याच बंद करून टाकू' असं चाललं होतं.

आता आजीच्या गोळीकडे येतो. ही वेगळ्या घराण्यातली. जेम्स ब्लॅक हा स्कॉटिश माणूस, १९५८ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीत लागला. डोक्यात एकच कल्पना. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं, तर सगळे जण रक्ताचा पुरवठा वाढवायला बघतात. त्याऐवजी हृदयाची मागणीच कमी केली तर? (सर्व्हर वाढवण्याऐवजी लोड कमी करा, असं आमचा मॅनेजर म्हणाला असता.) अॅड्रिनालिन हृदयाला ज्या कुलपातून पळायला लावतं ते 'बीटा' कुलूप रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ सालीच कागदावर मांडलं होतं. ब्लॅकनी त्या कुलपात अडकून बसेल पण फिरणार नाही अशी किल्ली बनवली. पहिल्या औषधामुळे उंदरांना गाठी झाल्या म्हणून ते बाद झालं, दुसरं म्हणजे प्रोप्रानोलॉल, १९६० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आलं. ब्लॅकना १९८८ साली नोबेल मिळालं.

पण गंमत अशी की बीपी हा त्यांच्या मनात विषयच नव्हता. लंडनमध्ये ब्रायन प्रिचर्ड यांना छातीत दुखणाऱ्या रोग्यांवर उपचार करताना दिसलं की रक्तदाबही उतरतोय, आणि १९६४ साली त्यांनी ते छापलं. नेमका का उतरतो यावर नंतर कितीतरी वर्षं वाद झाले. हाताची थरथर, मायग्रेन, परीक्षेची किंवा स्टेजची धडधड, सगळीकडे ही गोळी पसरत गेली. आणि १९७० च्या दशकात काही डॉक्टरांनी ती प्रचंड डोसमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांना दिली, भ्रम कमी व्हावेत म्हणून! परत तेच. पुरावा टिकला नाही आणि तो प्रयोग मागे पडला, पण त्याच दशकात, १९७८ साली, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये फ्लेमिंगर यांचा छोटासा लेख आला. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यांना नसलेली दृश्यं दिसतात, हाच विषय.

तो मथळा वाचून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. खुंटीचं मांजर होणं आणि हिरव्या परकरातल्या पोरी, दोन्हीला डॉक्टरी भाषेत वेगवेगळी नावं आहेत. असलेलं भलतंच दिसणं हा एक प्रकार, आणि काहीच नसताना दिसणं हा दुसरा. आजीनं दोन्ही सांगितले होते, अगदी क्रमानं. आणि ज्या गोष्टी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही त्यातली ही पहिल्या नंबरची. छातीत धडधड होते हे सांगायला कोण लाजतं? पण "मला माणसं दिसतात" हे वाक्य डॉक्टरांच्या टेबलापाशी उच्चारायला छाती लागते. आमच्या आजीची झाली नाही, आणि ती तशी कुणाच्या बापाला न भिणारी बाई.

गोळी डोक्यात घुसते कशी, तर याचं उत्तर तेलापाण्यात आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळणी असते. प्रोप्रानोलॉल तेलात विरघळणारं, ते ती चाळणी सहज ओलांडतं. अॅटेनोलॉल हे १९७६ सालचं त्याच कंपनीचं भावंड, ते पाण्यातलं, बहुतेक बाहेरच अडतं. १९८१ साली इंग्लंडमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या रोग्यांना आधी ही औषधं देऊन काढलेल्या मेंदूच्या तुकड्यात मोजमाप केलं गेलं. प्रोप्रानोलॉल रक्तापेक्षा मेंदूत कितीतरी पट जास्त, अॅटेनोलॉल रक्ताच्या एका लहानशा अंशाइतकंच. आत गेल्यावर ते सिरोटोनिनच्या काही कुलपांतही अडकतं. शिवाय ही बीटा घराण्यातली औषधं रात्री तयार होणारं मेलाटोनिन कमी करतात, त्यामुळे झोप आणि स्वप्नांचं वेळापत्रक बिघडतं.

पण इथे घाईनं उडी मारू नये. २०२१ साली या घराण्यातल्या औषधांच्या २८५ चाचण्या, ५० हजारांहून जास्त माणसं, एकत्र तपासल्या गेल्या. इतकी वर्षं डॉक्टर मंडळी यांच्यावर ज्याचा आरोप करत आली ती उदासी खोट्या गोळीपेक्षा जास्त निघाली नाही. चमत्कारिक स्वप्नं आणि झोपेच्या तक्रारी मात्र टिकून राहिल्या. म्हणजे दोन गोष्टी एकामागून एक घडल्या की पहिलीनं दुसरी केली, हे आपल्या मनाचं जुनं खूळ आहे. लाखो लोक ही गोळी घेतात आणि त्यांच्या झोपाळ्यावर कोणी येऊन बसत नाही.

म्हाताऱ्या माणसांना तर नसलेलं दिसायची दहा कारणं. १७६० साली जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. नजर अधू झालेले, डोकं ठणठणीत, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. आपल्याला दिसतंय ते खरं नाही हेही त्यांना कळायचं. आजही त्या प्रकाराला बोनेंचंच नाव आहे. आजीचे दोन्ही मोतीबिंदू काढलेले होते, नजर चांगली होती. दुसरं कारण जास्त भीतीचं होतं, मंगळवारी डॉक्टरांनीच सांगितलं. ल्यूई बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार असतो, त्यात स्पष्ट माणसं, लहान मुलं दिसतात, आणि ते स्मरण जायच्या आधीही सुरू होऊ शकतं. बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं (प्रिंटआऊट घेऊन आलेल्या नातवाचं ऐकून घेणं हे सोपं काम नाही). लघवीची तपासणी करायला सांगितली, कारण म्हाताऱ्यांना साध्या जंतुसंसर्गातही असं होतं. ती स्वच्छ आली. मग म्हणाले, गोळी काढून बघू, पण एका दिवसात नाही. अचानक बंद केली तर इतके दिवस दाबून ठेवलेलं हृदय उसळतं, १९७० च्या दशकात अशी गोळी तोडल्यावर लोकांना हार्ट अटॅक आलेले आहेत. दोन आठवडे पायरी पायरीनं उतरवली. बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू केलं. "पोरी गेल्या तर गोळीच्या होत्या. राहिल्या तर पुढचं बघू."

ते दोन आठवडे मी पुण्यात बसून रोज संध्याकाळी सातला फोन करायचो. आल्या का? आल्या. आल्या का? एकच आली. आल्या का? आज खुंटीचं काहीतरी झालं होतं, पोरी नव्हत्या. आणि मग एका गुरुवारी फोन आजीनंच उचलला आणि माझा प्रश्न यायच्या आत म्हणाली, "नाही आल्या रे. तीन दिवस झाले." मागे बाबा नाक शिंकरत होते.

पण हात परत थरथरायला लागले. चहाची बशी पुन्हा सांडायला लागली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिला विचारलं, थरथरीवर दुसरं काहीतरी बघू या का, याच घराण्यातलं पण डोक्यात कमी जाणारं? आजीनं थोडा विचार केला. म्हणाली, "थरथरू दे. बशीऐवजी पेल्यात पिईन."

अर्धाच भरायचा, स्टीलचा, दोन्ही हातांत धरून.